पीसीओएस आहे, दिवस राहतील का? डायरेक्ट आयव्हीएफ करायला सांगितलंय

इचलकरंजीची_सून
नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहितीय, मोठं झालं तर सांभाळून घ्या. माझं वय २८, लग्नाला अडीच वर्षं झाली, वर्षभरापासून आम्ही चान्स घेतोय पण काही होत नाही. पाळी मला कॉलेजपासूनच कधी वेळेवर नाही, कधी दीड महिन्यानं येते तर कधी तीन तीन महिने पत्ताच नसतो, हनुवटीवर जाड केस येतात ते सारखं पार्लरला जाऊन काढावे लागतात. उंची ५ फूट १ इंच, वजन ६७ किलो. सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरी मोठ्या आणि त्यात बारीक बारीक गाठी भरपूर, म्हणजे पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) असं आलंय, एएमएच (ओव्हरीतल्या बीजांचा साठा सांगणारी रक्ताची तपासणी) ९.२ आहे, थायरॉईड नॉर्मल.

आधीच्या डॉक्टरांनी पाळी रेग्युलर करायला म्हणून गोळ्या दिल्या होत्या, मेडिकलवाला म्हणाला ह्या तर मूल न होण्याच्या गोळ्या आहेत, मग मी त्या घेतल्याच नाहीत. मग नणंदेच्या ओळखीनं एका मोठ्या सेंटरला गेलो, तिथं फाईल बघून दहा-पंधरा मिनिटांत सांगितलं की एएमएच एवढं वाढलंय म्हणजे नैसर्गिक राहणार नाही, सरळ आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा, पावणेदोन लाखाचं पॅकेज आहे आणि ह्याच आठवड्यात ॲडव्हान्स भरला तर सूट मिळेल. आमचे सहा लूम आहेत, धंद्यात सध्या मंदी, एवढा पैसा हातात नसतो. सासरे म्हणाले काळजी करू नको, सोनं मोडू. ते ऐकून मला जास्तच रडू आलं.

बीज कधी फुटतं ते बघायचं ओव्हुलेशनचं किट ऑनलाइन मागवलं तर त्यात सलग आठवडाभर दोन रेघा येतात, मग नेमकं कुठल्या दिवशी धरायचं? ह्यांची अजून काहीच तपासणी झाली नाही. सासूबाई वाईट नाहीत पण त्यांचं म्हणणं, दोष हिच्यात निघालाय तर त्याला कशाला तपासायचं. हळदीकुंकवाला गेलं की बायका आधी पोटाकडं बघतात आणि मग तोंडाकडं, आता मी जायचंच बंद केलंय.

मला खरं सांगा, पीसीओएस असलं की मूल होत नाही का? ह्या गाठी ऑपरेशन करून काढता येतात का? आयव्हीएफशिवाय रस्ताच नाही का?


नाशिकची_जुई
अगं आधी तो ॲडव्हान्स भरू नकोस, बाकीचं नंतर बोलू. ह्या आठवड्यात भरला तर सूट, हे मिक्सर घेताना ठीक आहे, इथे नाही. २८ वय आहे तुझं, एका आठवड्याने काहीही बिघडत नाही.

मलाही पीसीओएस आहे, पाळी तुझ्यासारखीच, हनुवटीचे केस तसेच, वजन तुझ्यापेक्षा जास्त होतं. माझी मुलगी आता बालवाडीत जाते आणि ती आयव्हीएफची नाही. मला अंडं तयार करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्यांवर दिवस राहिले, सोबत फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे अंडं वाढतंय का ते सोनोग्राफीत बघत राहणं. पहिल्याच महिन्यात नाही झालं, पण गोळ्या चालू केल्यावर अंडं तयार होतंय आणि फुटतंय हे स्क्रीनवर दिसायला लागलं तेव्हाच माझा अर्धा जीव भांड्यात पडला होता.

ही स्टडी कशी असते ते सांगते, कारण मला कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि मी उगाच घाबरून होते. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळी. मग नवव्या-दहाव्या दिवशी पहिली सोनोग्राफी, ती पोटावरून नाही, आतून करतात, लघवीला जाऊन यायचं, मिनिटा-दोन मिनिटांचं काम, दुखत नाही फक्त अवघडल्यासारखं होतं. मग दर एक-दोन दिवसांनी बोलावतात. डॉक्टर आकडे बोलत जातात आणि सिस्टर फाईलमधल्या तक्त्यात लिहून घेतात, उजवीकडे १४ बाय १३, डावीकडे सगळे लहान, गर्भपिशवीचं अस्तर ७. अंड्याची पिशवी रोज साधारण दीड-दोन मिलिमीटरने वाढते, १८ ते २० च्या आसपास आली की बरेच डॉक्टर फुटायचं इंजेक्शन देतात आणि पुढच्या दोन दिवसांत संबंध ठेवायला सांगतात. नंतर परत एकदा बघतात की फुटलं का. पाळीच्या आधी साधारण आठवडाभर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासलं तरी कळतं.

आणि त्या हळदीकुंकवाला जात जा गं. बायका बघतात तर बघू देत, तू का घरात कोंडून घेतेस.


ओपीडीवाली
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करते, रोजच्या ओपीडीत अशा चार-पाच मुली तरी येतात म्हणून सविस्तर लिहिते. तुमची फाईल मी बघितलेली नाही, त्यामुळे औषध इथलं वाचून चालू करायचं नाही, पण प्रश्न नीट समजून घेऊन डॉक्टरांसमोर बसायला ह्याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट, त्या गाठी नाहीत. रिपोर्टमध्ये सिस्ट लिहिलेलं असतं म्हणून बायकांना ट्यूमरसारखं काहीतरी वाटतं. ती छोटी छोटी फॉलिकल्स आहेत, २ ते ९ मिलिमीटरची, प्रत्येकात एक स्त्रीबीज. दर महिन्याला त्यातलं एक मोठं होऊन फुटायला पाहिजे, पीसीओएसमध्ये ती अर्ध्यावर थांबतात. स्टँडवर गाड्या भरपूर लागल्यात पण एकही सुटत नाही, असं समजा. त्यामुळे काढून टाकायला तिथे काही नाही, आणि काढायचंही नाही, ती तुमची बीजंच आहेत.

ती का थांबतात? बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, मग शरीर ते जास्त बनवतं, त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे ओव्हरी पुरुषी हार्मोन जास्त बनवते, आणि मेंदूकडून येणारं एलएच हार्मोनही कायम चढं राहतं. हनुवटीचे केस, पिंपल्स, मानेवरचा काळेपणा, लांबलेली पाळी हे सगळं ह्यातूनच येतं. तुमच्या किटवर आठवडाभर दोन रेघा दिसतात त्याचं कारणही हेच, ते किट एलएच मोजतं आणि तुमचं एलएच मुळातच चढं असेल तर ते रोजच हो म्हणणार. त्यावर पैसे घालवू नका.

आता एएमएच. ९.२ म्हणजे नैसर्गिक होणार नाही, हे कुणी सांगितलं असेल तर ते बरोबर नाही. एएमएच फक्त साठा सांगतं, फॉलिकल्स जास्त म्हणून एएमएच जास्त. पीसीओएसमध्ये ते चढंच असतं, २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तर प्रौढ बायकांमध्ये पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच चालतं. कमी एएमएच असेल तर वेळ दवडू नका असं आम्ही सांगतो, तुमचं उलट आहे.

निदानाचा नियम २००३ सालापासून साधारण तोच आहे, तीनपैकी दोन गोष्टी जुळायला हव्यात: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत तशी ओव्हरी. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्यात तिन्ही दिसतात. पण त्याआधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) बघून बाकीची कारणं बाजूला काढावी लागतात. थायरॉईड झालंय, प्रोलॅक्टिन झालंय का बघा. आणि शुगर. नुसती उपाशीपोटी नाही, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती. तरुण मुलींची उपाशीपोटीची शुगर नॉर्मल येते आणि दोन तासांची चढलेली निघते, असं मी नेहमी बघते.

उपचाराचं. मूल हवं असेल आणि अडचण फक्त बीज फुटण्याची असेल तर पहिलं औषध लेट्रोझोल. पूर्वी क्लोमिफीन देत. अमेरिकेत ७५० बायकांवर झालेला मोठा अभ्यास २०१४ साली छापून आला, जास्तीत जास्त पाच सायकल दिल्या, तर लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के आणि क्लोमिफीन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के बायकांना बाळ झालं. हा आकडा बघून खचू नका, त्यात वय ४० पर्यंतच्या बायका होत्या आणि बहुतेकींचं वजन तुमच्यापेक्षा बरंच जास्त होतं. आपल्याकडे ह्या औषधाला वंध्यत्वासाठी वापरायला २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. म्हणून कुणी जुनं काही वाचून सांगेल की ते बंदी असलेलं कॅन्सरचं औषध आहे, तर घाबरू नका. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये ते वर्षानुवर्षं रोज देतात, इथे पाळी आल्यावर फक्त पाच दिवस.

लेट्रोझोलवर बीज फुटतंय पण दिवस राहत नाहीत, किंवा डोस वाढवूनही फुटतच नाही, तर पुढे इन्सुलिन सुधारणाऱ्या मेटफॉर्मिनची जोड, मग हार्मोनची इंजेक्शनं किंवा दुर्बिणीतून ओव्हरीला ड्रिलिंग, म्हणजे बारीक छिद्रं पाडणं. आयव्हीएफ त्याच्याही नंतर. डायरेक्ट आयव्हीएफ कधी? दोन्ही ट्यूब (गर्भनलिका) बंद असतील, नवऱ्याचा रिपोर्ट फारच कमी असेल, वय बरंच पुढे गेलं असेल तेव्हा. ह्यातलं तुमच्या बाबतीत काहीच अजून तपासलेलं नाही, मग आयव्हीएफ ठरलं कशावरून, हे त्या सेंटरला विचारायला तुमचा हक्क आहे.

ट्यूबची तपासणी रक्तस्राव थांबल्यावर, पाळी सुरू झाल्यापासून साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये करतात. पूर्वी टीबी झाला असेल, पोटाचं ऑपरेशन किंवा इन्फेक्शन झालं असेल तर ती आधी करून घ्यायची, आपल्याकडे गर्भपिशवीचा आणि ट्यूबचा टीबी विसरून चालत नाही. नाहीतर काही सायकल झाल्यावर केली तरी चालते.

गोळ्यांबद्दल मेडिकलवाल्याने अर्धं खरं सांगितलं. त्या गर्भनिरोधकच आहेत, पण त्या घेतल्याने नंतर मूल होत नाही असं अजिबात नाही. पाळी महिनोन् महिने आली नाही तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं, ते पुढे धोक्याचं असतं, म्हणून वर्षातून काही वेळा तरी पाळी यायलाच हवी. मूल लगेच नको असलेल्या मुलीला त्या गोळ्या योग्य. तुम्हाला आत्ताच हवंय, तर डॉक्टरांना तसं पहिल्याच वाक्यात सांगा. मग प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह आहे हे बघून काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी पाळी आणतात आणि लेट्रोझोल चालू करतात.

फॉलिक ॲसिड मात्र आजपासून घ्यायला हरकत नाही, साधा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅमचा, शुगर किंवा वजन जास्त असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात.


कऱ्हाडचा_एक
ह्या धाग्यावर सगळ्या ताईच आहेत पण मी नवरा म्हणून लिहितो, कारण सासूबाईंचं ते वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे डिट्टो हेच झालं. बायकोची पाळी अनियमित, सोनोग्राफीत पीसीओएस, झालं, वर्षभर तिच्याच तपासण्या, तिलाच गोळ्या, तिलाच पथ्य, आणि मला एकाही डॉक्टरने विचारलं नाही की तुमचा रिपोर्ट कुठाय. शेवटी दुसऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशीच माझ्या हातात वीर्य तपासणीची डबी दिली. रिपोर्ट आला तर शुक्रजंतूंचा काउंट कमी आणि हालचालही कमी. म्हणजे ती वर्षभर गोळ्या खात होती त्याचा निम्मा उपयोग माझ्यामुळे होत नव्हता आणि माहीत कुणालाच नाही.

ताई, तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा की ही सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखणी तपासणी आहे, सुई नाही काही नाही, आणि एका दिवसात रिपोर्ट. दोन ते सात दिवस संबंध ठेवलेला नसावा एवढीच अट. रिपोर्टवर जी किमान पातळी छापलेली असते ती जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेली आहे, एका मिलिलिटरला १६ दशलक्ष काउंट आणि एकूण ४२ टक्के हालचाल. त्याच्या खाली आलं म्हणजे संपलं असं नाही, पण मग दोघांचा उपचार एकत्र करायचा.

लूमच्या शेडमध्ये उन्हाळ्यात काय उष्णता असते मला माहितीय, माझा मामा विट्याला त्याच धंद्यात आहे. उष्णता, तंबाखू, मावा, सिगारेट ह्या सगळ्याचा शुक्रजंतूंवर परिणाम होतो, आणि नवीन शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आज मावा सोडला तर फरक तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये दिसेल. मी सोडला, आता तोंडात बडीशेप असते. आमचं नंतर आययूआयने (शुक्रजंतू नळीने गर्भपिशवीत सोडतात ते) झालं, मुलगा आहे.

सासूबाईंशी तुम्ही नका बोलू, ते काम तुमच्या मिस्टरांचं आहे. आईला मुलाने सांगायचं की मी तपासून घेतोय, विषय संपला.


इचलकरंजीची_सून
तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, काल रात्री ह्यांना शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. कऱ्हाडच्या दादांचं तर दोनदा वाचलं त्यांनी. काही बोलले नाहीत पण सकाळी शेडवर जाताना म्हणाले सोमवारी लॅब कुठल्या वेळेला चालू असते विचारून ठेव. मावा खातात तेही, त्यावर अजून काही बोलले नाहीत.

सेंटरवाल्यांचा काल दोनदा फोन आला, मी सांगितलं आधी बाकीच्या तपासण्या करतो मग बघू.

आता अजून विचारते. वजनाचं काय करू? इथं प्रत्येकजण वेगळं सांगतंय, कुणी म्हणतं भात बंद, कुणी दूध बंद, कुणी गव्हाची चपाती बंद, एकीनं तर सांगितलं रात्री जेवायचंच नाही. मी संध्याकाळी चहाबरोबर खारी-बटर खाते हे खरंय. दुसरं म्हणजे सासूबाईंनी त्यांच्या माहेरच्या गावाकडून एका वैद्याची पूड आणलीय, पुडीवर नाव काहीच नाही, त्या एवढ्या प्रेमानं दुधातून देतात की नाही म्हणवत नाही. तिसरं, मेटफॉर्मिन मला मागं दिलं होतं त्यानं मळमळ आणि जुलाब झाले, परत देतील का, दिलं तर काय करायचं.


यारा_काठची
मी मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं मेलबर्नला, आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वर डॉक्टरांनी ज्या २०२३ च्या सूचनांचा उल्लेख केला त्यांचं मुख्य काम इथल्याच मोनाश विद्यापीठातून झालं, म्हणून आमच्याकडे हा विषय रोजचा आहे. त्यांचंच आस्कपीसीओएस नावाचं फुकट ॲप आहे, इंग्रजीत आहे पण तुझ्या मिस्टरांना किंवा नणंदेला सोबत घेऊन वाचता येईल.

त्यात आहाराबद्दल जे म्हटलंय ते ऐकून तुला हायसं वाटेल: पीसीओएससाठी अमुक एकच डाएट चांगलं असं काही सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे भात बंद, दूध बंद, गहू बंद हे सगळं एकाच वेळी करून उपाशी राहायची गरज नाही. तुझ्याकडच्या जेवणात सगळं आहे गं. ज्वारीची भाकरी, झुणका, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक, कच्चा कांदा-काकडी, अंडी खात असशील तर अंडी. फक्त ताटातला हिशोब बदल, भात वाटीभर आणि उसळ दोन वाट्या, रोज असतं त्याच्या उलटं. तांबडा-पांढरा रस्सा असेल त्या दिवशीही मटण खा, सोबतचा भात कमी घे. खारी-बटर मात्र सोड, त्यात मैदा आणि डालडाच असतो, त्याजागी फुटाणे किंवा शेंगदाणे मूठभर. चहातली साखर हळूहळू कमी कर. गूळ घातला म्हणून साखर गेली असं होत नाही, इन्सुलिनला दोन्ही सारखंच.

वजनाचं लक्ष्य छोटं ठेव. ५ टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते, तुझ्या बाबतीत ते साडेतीन किलोच्या आत आहे. आपल्या लोकांमध्ये कमी वजनालाही इन्सुलिनचा त्रास सुरू होतो, म्हणून आशियाई लोकांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) मर्यादा खाली धरतात, २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा. तुझा २८ च्या आसपास येतो. हे घाबरवायला नाही सांगत, तीन-चार किलोंनी तुझ्या शरीराला खरंच फरक पडेल म्हणून सांगतेय. आणि एखादी सडपातळ मैत्रीण म्हणाली की मलाही पीसीओएस आहे तर तेही खरं असू शकतं, तिला वजन उतरव म्हणून सांगायचं नाही.

व्यायाम आठवड्याला अडीच तास, म्हणजे रोज अर्ध्या तासापेक्षा कमीच, भरभर चालणं पुरतं, आणि आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम, उठाबशा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून, काहीही. वजन काट्यावर हललं नाही तरी स्नायू वापरले की इन्सुलिन सुधारतं, म्हणून काटा रोज बघू नकोस.

एक गोष्ट कुणी विचारत नाही ती मी विचारते. झोप लागते का नीट? सतत रडू, कशातच मन नाही, असं होतंय का? पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता ह्यांचं प्रमाण जास्त असतं, त्या सूचनांमध्ये तर लिहिलंय की प्रत्येक बाईला हे विचारायलाच हवं. तसं असेल तर डॉक्टरांना सांग, पाळीइतकंच महत्त्वाचं आहे ते.


ठाण्याहून_अनामिक
इथे सगळ्यांनी आयव्हीएफ नको नको म्हटलंय, सूनबाईच्या बाबतीत ते बरोबरच आहे, पण हा धागा उद्या दुसरीही कुणी वाचेल म्हणून माझं लिहिते. मला लेट्रोझोलचा डोस वाढवत नेला तरी अंडं वाढायचंच नाही, इंजेक्शनं घेतली तर एकदम इतकी वाढली की ते चक्र रद्द करावं लागलं, आणि तोपर्यंत माझं वय ३६. माझ्या डॉक्टरांनी तेव्हा आयव्हीएफ सांगितलं आणि ते योग्यच होतं. आपल्याच परळच्या केईएममध्ये १९८६ साली हे झालंय, म्हणजे काही अघोरी नवीन प्रकार नाही.

पण पीसीओएसवाल्यांनी एक नीट विचारायचं. आपल्या ओव्हरी औषधाला फार जोरात प्रतिसाद देतात, पोट फुगतं, पाणी साठतं, काही वेळा ॲडमिट व्हावं लागतं. हे टाळायला आता डॉक्टर वेगळ्या पद्धतीने इंजेक्शनं देतात आणि सगळे गर्भ गोठवून ठेवून पुढच्या एखाद्या पाळीला सोडतात. तुम्ही हे करता का, एका वेळी किती गर्भ सोडता, पॅकेजमध्ये इंजेक्शनं धरलीत का वेगळी, गोठवण्याचे पैसे वेगळे का, हे लेखी घ्या. २०२१ च्या कायद्यानंतर प्रत्येक सेंटरची नोंदणी लागते, नंबर मागितला तर दाखवायला हवा. नीट काम करणाऱ्या सेंटरला ह्या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि दिवस राहिले की सगळं संपलं असं समजू नका. मला पहिल्या तिमाहीतच शुगर निघाली, पीसीओएसमध्ये ती शक्यता जास्त असते, बीपीचीही. पहिल्या तपासणीलाच ग्लुकोजची टेस्ट करून घ्या, नॉर्मल आली तरी सहाव्या महिन्याच्या आसपास परत. माझी खाण्यावर आणि औषधावर आटोक्यात राहिली, बाळ व्यवस्थित आहे.


ओपीडीवाली
ठाण्याच्या ताईंनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, शेवटचं तर फार महत्त्वाचं.

पुडीबद्दल मी स्पष्ट बोलते. आयुर्वेदाच्या पदवीधर वैद्यांकडे जाऊन, नाव-गाव-घटक छापलेलं औषध घेणं वेगळं आणि बिननावाची पूड वेगळी. अशा पुड्यांमध्ये शिसं-पारा निघाल्याची उदाहरणं आहेत, काहींत स्टिरॉइडही मिसळलेलं असतं, आणि तुम्ही तर आता बाळाच्या तयारीत आहात. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर माझ्यावर ढकला, डॉक्टरांनी लिहून दिलंय की गोळ्या चालू असताना दुसरं काही चालत नाही म्हणून सांगा. आणि पुढच्या वेळी त्यांनाच सोबत घेऊन या ओपीडीत. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या सासवा समोर बसवून स्क्रीन दाखवली की सुनेच्या बाजूने बोलायला लागतात, त्यांनाही कुणी कधी समजावून सांगितलेलं नसतं.

मेटफॉर्मिनचा तो त्रास पुष्कळ जणींना होतो. उपाशीपोटी घेतलं आणि एकदम मोठ्या डोसने सुरू केलं की जास्त होतो. जेवताना किंवा जेवणानंतर, ५०० मिलिग्रॅमने सुरुवात, आणि हळूहळू विरघळणारी गोळी मागून घ्या, दोनेक आठवड्यांत बहुतेकींचं पोट स्थिरावतं. प्रत्येकीला ते लागतंच असंही नाही, तुमची ग्लुकोजची टेस्ट बघून ठरवतील. वर्षानुवर्षं घेत राहिलात तर मधूनमधून बी१२ तपासायचं. दिवस राहिले तर आपल्या मनाने बंद करू नका किंवा चालू ठेवू नका, लगेच विचारा.

इनोसिटॉलची पावडर हल्ली सगळेच सुचवतात. नुकसान फारसं नाही, पण दिवस राहण्यासाठी ती लेट्रोझोलच्या जागी घेऊ नये, आणि महाग असते. पैसे मोजून-मापून असतील तर ते फॉलिक्युलर स्टडीवर घाला.

आणि पहिला प्रश्न राहिलाच, मूल होत नाही का. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं, काहींना आपोआप, बऱ्याच जणींना गोळ्यांच्या मदतीने, थोड्यांना आयव्हीएफने. वेळ जास्त लागतो, पण बीज न फुटणं हे वंध्यत्वाच्या कारणांपैकी ज्यावर आमच्याकडे सगळ्यात चांगले उपाय आहेत असं कारण आहे. अगदी निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहायची शक्यता चार-पाचात एकच असते. म्हणून बीज फुटलेल्या पहिल्या महिन्यात पाळी आली तर गोळ्या फेल गेल्या असं समजून डॉक्टर बदलू नका. साधारण सहा महिने नीट फुटतंय असं दिसूनही काही झालं नाही, तर पुढची पायरी.


इचलकरंजीची_सून
डॉक्टर, खूप आभार. पूड आजपासून बंद, सासूबाईंना तुमचंच नाव सांगितलं, त्या म्हणाल्या बरं मग मीही येते त्या बाईंकडे. प्रोलॅक्टिन झालेलं नाही, फाईल बघितली. आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात गुरुवारी बायकांची ओपीडी असते, तिथं जाणार आहे, पहिल्या वाक्यातच सांगणार की मूल आत्ता हवंय.

मेलबर्नच्या ताई, झोप लागत नाही रात्री. सांगेन डॉक्टरांना. खारी-बटर डबा सासऱ्यांकडं दिला.

शेवटचं एक, ह्यांना लॅबमध्ये तिथं द्यायला संकोच वाटतोय, घरून नमुना नेला तर चालतो का? लॅब गाडीनं वीस मिनिटांवर आहे.


कऱ्हाडचा_एक
चालतो. लॅबमधून आधी त्यांची डबी आणून ठेवा, घरातली कुठली बाटली नको. कंडोममध्ये किंवा साबण-तेल लावून घ्यायचा नाही. वेळ लिहून ठेवा आणि तासाभराच्या आत पोचवा, शक्यतो अर्ध्या तासात, डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून न्यायची म्हणजे गार पडत नाही. पहिला थेंब सांडला असेल तर ते काउंटरवर सांगायचं, लपवायचं नाही, कारण सगळ्यात जास्त काउंट त्यातच असतो. ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन महिने थांबून करा किंवा रिपोर्टवर तसं लिहायला सांगा. आणि एक रिपोर्ट खराब आला तर लगेच धरून बसू नका, काही आठवड्यांनी परत करायला सांगतात.